तिला बोलायला लावू नकोस

मालवण
मृगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात

प्रिय मुली,

तुझी कथा परवाच्या टपालाने मिळाली. सोबतचं पत्र जवळजवळ कथेइतकंच लांब. कथा मी तीनदा वाचली, पत्र एकदाच. रत्नागिरीच्या तुमच्या कथावाचनात सगळे म्हणाले की मोठ्या आईचा राग दिसतो पण कारण कळत नाही, आणि तू घरी येऊन एका रात्रीत अकरावं पान लिहिलंस. माळ्यावरची ट्रंक, ट्रंकेत जुना सातबारा, सातबाऱ्यावरून तिच्या नवऱ्याचं नाव गायब. झालं! २२ वर्षं दिराशी न बोललेली बाई तू एका कागदाच्या घडीत बसवलीस.

ते पान मी फाडलं. तुझ्याकडे दुसरी प्रत असेल तर तीही फाड.

कोकणातल्या वाचकाला सातबारा दाखवलास की तो सुटला. "अच्छा, जमिनीवरून होय," म्हणतो आणि पान उलटतो. एकेका उताऱ्यावर डझनांनी नावं असलेला आपला मुलूख, असला तंटा कुणाच्या घरात नाही? ओळखीचं कारण हातात पडलं की तो मोठ्या आईकडे बघायचं थांबतो. तोवर ती त्याला छळत होती. दीर दोन हातांवर पाटावर बसलाय आणि ती पोराला सांगते, "त्यांना विचार, भात हवा का." तरीही सुरमईचा मधला तुकडा कायम त्याच्याच ताटात पडतो. हे चौथं पान तुला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. तू कुठल्यातरी ओटीवर बसून पाहिलंयस ते. त्या तुकड्यात तिचा सगळा राग आहे: माझ्याकडे बोट दाखवायला मी तुला जागा ठेवणार नाही, मग बस शोधत. एवढं साधल्यावर ट्रंक कशाला उघडायची?

तिला बोलायला लावू नकोस. ट्रंकेच्या तोंडून नको, शेजारणीच्या तोंडून नको, मरताना तर नकोच नको.

तू विचारतेस, रागावलेला माणूस कारण का सांगत नाही, हे वाचकाला खोटं वाटणार नाही का. अगं, सांगितलं की समोरच्याला माफी मागता येते. मग माफ करावं लागतं. मग पोरं म्हणतात, मिटलं एकदाचं. आणि सांगताना ती गोष्ट केवढीशी होऊन जाते! आत असते तेव्हा डोंगराएवढी, तोंडातून बाहेर पडली की वाटाण्याएवढी, ऐकणारा म्हणतो, "एवढंच ना?" हे ज्याला आधीच माहीत असतं तो गप्प बसतो. शिवाय त्याला हवं असतं की समोरच्याने स्वतः ओळखावं. सांगून कळलेलं त्याला चालत नाही.

होमरच्या ओडिसीत अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकात जातो, तिथे त्याला ट्रॉयच्या युद्धातला जुना साथीदार एजॅक्स भेटतो. मेलेल्या अकिलीसची शस्त्रं आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली, हा त्याचा राग. ओडिसियस गोड बोलतो, पश्चात्ताप दाखवतो, आता सोड म्हणतो. एजॅक्स एक शब्द बोलत नाही. वळतो आणि इतर मृतांमागोमाग अंधारात निघून जातो. पुढे व्हर्जिलने इनिअडमध्ये डिडोला तसंच वळवलं. तीही, आपल्याला सोडून गेलेल्या ईनिअसला उत्तर न देता गेली. एजॅक्सच्या प्रसंगात मला सगळ्यात टोचतं ते पुढचं वाक्य. ओडिसियस स्वतःच सांगतो की तो कदाचित बोललाही असता, पण मला दुसरे आत्मे बघायचे होते. म्हणजे हा थांबलाच नाही! गप्प राहणाऱ्याइतकाच न थांबणाराही त्या अबोल्याचा धनी असतो. तुझ्या दिराकडे या नजरेने पाहिलंयस का?

कैकेयीचं उदाहरण मात्र मला देऊ नकोस, तू पत्रात दिलंयस ते चुकीचं आहे. ती क्रोधागारात दागिने फेकून जमिनीवर पडते आणि दशरथाने शपथ घेतल्याशिवाय बोलत नाही, हे खरं. पण शपथ मिळाल्याबरोबर दोन वर मागते. तिचं गप्प राहणं हा सौदा होता, वचन हातात पडलं की संपणारा. मोठ्या आईला दिराकडून काही नकोय. या दोन गप्पपणांत गल्लत केलीस तर कथा हातची गेली.

आपल्या काव्यशास्त्राने असल्या रागाला 'मान' म्हटलंय. १४व्या शतकातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात त्याचे दोन प्रकार केले, एक ईर्ष्येचा आणि एक प्रणयाचा, आणि प्रणयातल्या मानाला कारण लागत नाही असं सरळ लिहून ठेवलं. मान उतरवायचे उपाय सहा: साम, भेद, दान, नती, उपेक्षा, रसांतर. गोड बोलावं, तिच्या सखीला वळवून घ्यावं, काही द्यावं, पायां पडावं, दुर्लक्ष करावं, नाहीतर अचानक भीती किंवा आनंद दाखवून तिचं मन दुसरीकडे न्यावं. सहांत 'कारण विचारावं' कुठेच नाही! ते प्रेमिकांसाठी लिहिलेलं आहे, मला माहीत आहे. पण एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना लागू करून बघ. तुझ्या दिराने २२ वर्षांत सहांतलं एकच केलं, दरवर्षी एक फणस आणून ओटीवर ठेवला. ते दान. बाकी पाच त्याला का जमले नाहीत, यावर तुझी कथा उभी आहे.

आता माझं सांगते, म्हणजे मी एवढी का तडकले ते कळेल. तिशीत असताना मी माझ्या धाकट्या काकीवर कथा लिहिली होती. काकी तिच्या सख्ख्या बहिणीशी बोलायची नाही. विहीर एक, गडगा एक, दोघींचे मांगर समोरासमोर. कुणी विचारलं, "काय झाला गो?" की "काय नाय," आणि कळशी उचलून चालू पडायची. मी ते तसंच लिहिलं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं की शेवट धूसर आहे, वाचक बुचकळ्यात पडेल. मला छापून यायची घाई. मी दोन परिच्छेद जोडले. त्यात काकी लग्नातल्या एका पाटलीबद्दल बोलते आणि रडते. कथेचं कौतुक झालं. अंक कुणीतरी काकीला वाचून दाखवला. मी गेले तेव्हा ती खळ्यात सुपाऱ्या सोलत होती. वर न बघता म्हणाली, "इतक्यासाठी कोण गप रवता?"

त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलली नाही. म्हणजे बोलायची, चहा द्यायची, पण नीट नाही. कारण मी कधी विचारलं नाही, मला ते माहीत होतं. ती कथा माझ्या संग्रहात आजही त्या दोन परिच्छेदांसकट आहे, आणि मी तो संग्रह कुणाला भेट देत नाही.

म्हणून म्हणते, तिला बोलायला लावू नकोस.

तुमच्याकडे लोक म्हणतील की बाईंचा हा हट्ट आहे, बाई स्वतः तशाच आहेत. आहे मी तशी. दादाशी मी १४ वर्षं बोललेले नाही आणि का ते तुलाही सांगणार नाही. तो दर चतुर्थीला डोंबिवलीहून मूळ घरी येतो. गणपतीच्या डोक्यावरची माटवी आम्ही दोघंच बांधतो, लहानपणापासून ते आमचंच काम. तो स्टुलावर चढतो, मी खालून कवंडळं, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे एकेक करून देते. कुठल्या कोपऱ्यात काय लागतं ते दोघांनाही पाठ, त्यामुळे बोलावं लागत नाही. आरतीला झांजा तो वाजवतो, मी टाळ. एका वर्षी एस्टी स्टँडवर त्याला पोचवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तेव्हा त्याने विचारलं, "माझं काय चुकलं ते एकदा सांग." मी म्हटलं, "गाडी सुटेल तुझी."

यावर मी पुष्कळ रात्री विचार केलाय. सांगायला हवं होतं का? नाही. जो विचारतो की काय चुकलं, त्याने शोधलेलं नसतं. दादा हुशार माणूस आहे, एक रात्र बसला तर त्याला सापडेल. मी वाट बघतेय, याला कुणी हट्ट म्हणो. त्याला शोधता येईल एवढा विश्वास अजून आहे म्हणूनच मी वाट बघते. ज्याच्याबद्दल काही वाटत नाही त्याला माणूस भडाभडा सांगून मोकळा होतो. पण गाडी वळली तेव्हा तो खिडकीतून बघत होता, आणि मी पिशवीत छत्री शोधत असल्यासारखं केलं. ते करायला नको होतं.

असो. सातव्या पानावर एक खरी चूक आहे, ती कुणी दाखवली नाही म्हणून मी दाखवते. सगळी कथा नातीच्या डोळ्यांनी चाललीय, आणि मध्येच तू मोठ्या आईच्या मनात शिरून लिहितेस, "तिला तो दिवस आठवला, पण तिने तो विचार झटकला." इथे ती गप्प राहत नाही, तू लपवतेस. वाचकाला हे लगेच कळतं आणि तो चिडतो, रास्त चिडतो. तिच्या मनात शिरायचं तर सगळं सांगावं लागेल. तेव्हा शिरूच नकोस, नातीच्या उंचीवरून बघ: हात, पदर, कळशी, ताट. दशावतारात मी एकदा रुसलेली राणी पाहिली होती, लुगडं नेसलेला पन्नाशीचा नट. संवाद लिहिलेले नसतातच, काय बोलायचं ते त्याच्यावर. राजा विनवण्या करत राहिला आणि हा बाकड्यावर पाठ करून एकेक बांगडी उतरवत राहिला. जत्रेतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या. कुणी म्हणालं नाही की कारण कळलं नाही.

आणि कारण तुला माहीत आहे का? पत्रात लिहितेस, "मलाही नीट ठाऊक नाही." मला यावरच सगळ्यात जास्त राग आला. लिहू नकोस म्हणजे शोधू नकोस असं मी म्हटलेलं नाही. तिच्या शेजारी बस, आठळ्या सोलायला लाग, महिना लागला तरी चालेल. कळलं की मलाही सांगू नकोस.

सातवं आणि शेवटचं, एवढीच दोन पानं पुन्हा लिही. शेवटी दीर फणस ठेवतो आणि तू कथा तिथेच सोडतेस. तो फणस कापा की बरका तेही लिहिलेलं नाहीस. बरका कर. पिकलेला असेल तर उद्यापर्यंत घरभर वास सुटेल, परवा माश्या येतील, आणि तिला उठून त्याचं काहीतरी करावंच लागेल. काय करते ते बघ आणि चतुर्थीच्या आधी पाठव.

तुझी
बाई