सोमवारी जोडलं, पुढच्या सोमवारी तुटलं

प्रश्न : नमस्कार ताई, वाडीला आमचा गोडाऊन-ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, ऑफिसात बारा-तेरा जण. दोन महिन्यांआधी एआय सर्च घेतलं, म्हणजे अमक्या पार्टीला मागच्या दिवाळीत काय रेट दिला होता असं विचारलं की ड्राइव्हमधल्या फायलींतून शोधून सांगते. गुगल ड्राइव्ह जोडायसाठी आमच्याच पोरानं गुगल क्लाउडमध्ये ॲप बनवलं, पण दर आठवड्याला कनेक्शन तुटून राहिलं, पुन्हा लॉगिन करा म्हणते. पासवर्ड बदलून पाहिला, काही फरक नाही. आन जुने मराठी करारनामे तर ते शोधतच नाही, फाइल ड्राइव्हमध्ये समोर दिसून राहिली तरी. काय करावं?
– एक वाचक, वाडी, नागपूर

उत्तर : दादा, 'दर आठवड्याला' असं लिहिलंत ते फार बरं केलं, कारण रोग तिथंच सापडला. गुगल क्लाउडमध्ये नवीन ॲप बनवलं की ते बहुतेक वेळा 'टेस्टिंग' म्हणजे चाचणीच्या अवस्थेत पडून राहतं, आणि 'एक्स्टर्नल' म्हणजे कंपनीबाहेरच्यांनाही वापरता येणारं ॲप टेस्टिंगमध्ये असलं की गुगल त्याला जे रिफ्रेश टोकन देतं ते ७ दिवसांतच संपतं. त्या टोकनावरच कनेक्टर, म्हणजे सर्चला ड्राइव्हशी जोडणारा दुवा, तुमच्या गैरहजेरीत ड्राइव्ह उघडत असतो, ते गेलं की बिचारा दाराबाहेर. पासवर्डचा इथं संबंधच नाही. तुमच्या सगळ्यांचे मेल कंपनीच्या गुगल वर्कस्पेसचे (गुगलची कंपन्यांसाठीची मेल-ड्राइव्ह सेवा) असतील तर ॲपचा युजर टाइप 'इंटर्नल', म्हणजे फक्त कंपनीतल्यांसाठी, करायला सांगा, ७ दिवसांची अट निघून जाते. साध्या जीमेलवर काम चालत असेल तर ॲप 'प्रॉडक्शन' मध्ये न्यावं लागेल, मग गुगल व्हेरिफिकेशन मागू शकतं, त्याची तयारी ठेवा. आणि हे बदलल्यावर एकदा तोडून नव्यानं जोडायला विसरू नका, जुनं टोकन जुन्याच मुदतीचं असतं, इथंच लोक फसतात आणि म्हणतात की काही झालंच नाही.

आता करारनामे. ही तक्रार माझ्या जीवाला लागते, कारण आपल्याकडं कित्येक वर्षं ऑफिसांत कृतीदेव फॉन्टमध्येच टायपिंग झालं. त्या फाइलमध्ये आत मराठी अक्षरं नसतातच हो, रोमन अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा अंगरखा घालतो. आपण वाचतो 'करारनामा', मशीनला दिसतो अर्थ नसलेला गोंधळ, मग ते शोधणार काय? एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा, रोमन अक्षरं उमटली की समजा कृतीदेव किंवा तसलाच जुना फॉन्ट आहे. अशा फायली कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनलाही कळणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत, आणा, पण रफार, पहिली वेलांटी आणि रकमेचे आकडे माणसानं मूळ कागदाशी ताडून पाहायलाच पाहिजेत, करारनाम्यात आकडा चुकला तर कोण निस्तरणार.

आणि पीडीएफमध्ये माउसनं शब्द सिलेक्टच होत नसेल तर तो स्कॅन केलेला फोटो आहे, त्याला मराठी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर, लागेल.

एवढं करूनही एखाद्यालाच फाइल सापडत नसेल तर त्याच्याच लॉगिननं ड्राइव्हमध्ये ती उघडून बघा. तिथंही उघडली नाही तर कनेक्टरला हात लावू नका, त्या माणसाला फाइल शेअर करायची राहून गेलीय.