एका घरात तीन इयत्ता: पुस्तकं किती आणि कोणती?

उन्हाळा संपत आला की घरशाळेबद्दलची, म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बहुतेक पत्रांत अडचण एकच दिसली: घरात लेकरं दोन-तीन, प्रत्येकाचं वय वेगळं आणि शिकवणारी बहुधा एकटी आई. त्यांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न (लातूर): मला तीन मुलं. वयानं दुसरी, पाचवी आणि आठवीतली. गेल्या वर्षी तिघांनाही शाळेतून काढलं. तिघांची वेगळी पुस्तकं, वेगळं वेळापत्रक. सकाळी आठला बसते, पाच वाजले तरी आवरत नाही. धाकट्याची पाळी येईपर्यंत तो झोपलेला असतो. तिघांना मिळून चालेल असा एखादा अभ्यासक्रम सांगा.

उत्तर: ताई, तिघांना एकदम चालणारा संच शोधत बसू नका. विषयांची वाटणी बदला, निम्मं ओझं तिथंच उतरेल. गणित आणि लिहिणं-वाचणं ज्याचं त्याला वेगळं ठेवा. इतिहास, भूगोल, विज्ञान हे सगळ्यांचं मिळून एकच घ्या.

कारण साधं आहे. हातच्याची वजाबाकी आली नाही तर भागाकार अडतो, तिथं पायरी गाळता येत नाही. पण यादव आधी शिकले आणि सातवाहन नंतर, म्हणून कुणाचं काही अडत नाही. आपल्याकडच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळांत वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. एका खोलीत दोन-तीन वर्ग बसतात. गुरुजी एका गटाला फळ्यावर शिकवतात, तोवर दुसरा गट पाटीवर किंवा वहीत काम करत असतो. बहुवर्ग अध्यापन म्हणतात त्याला. शहरात 'मल्टी-एज' म्हणून त्याचीच फी घेतात, ते जाऊ द्या.

पुस्तकं बालभारतीचीच घ्या. संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात आणि पुढं शाळेत परतायचं झालं तर खाडा पडत नाही. सध्याच्या मांडणीत सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुगीन आणि आठवीला आधुनिक भारताचा इतिहास आहे. यंदा तिघांसाठी यातला एकच कालखंड निवडा. मोठा ते पुस्तक स्वतः वाचेल, मधल्याला तुम्ही वाचून दाखवाल, धाकटा ऐकेल आणि चित्र काढेल. पुढच्या वर्षी पुढचा कालखंड. फेरा पूर्ण झाला की धाकटा तीच पुस्तकं पुन्हा, पण स्वतः वाचेल. एकच इशारा: मोठ्याची जुनी पुस्तकं धाकट्यासाठी आहेत, या भरवशावर राहू नका. 2025-26 मध्ये पहिलीचं पुस्तक बदललं आणि पुढच्या इयत्तांचीही टप्प्याटप्प्यानं बदलायची आहेत.

तुम्ही लातूरच्या आहात म्हणून जवळचंच उदाहरण देते. विषय भूकंप. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसर हादरला. तिघांना घेऊन अशा कुणाकडं तरी जा, ज्यांना ती पहाट आठवते. धाकट्यानं फक्त प्रश्न विचारायचे: तुम्ही कुठं झोपला होता? आधी काय ऐकू आलं? घरी येऊन त्याच्याकडून चार वाक्यं लिहून घ्या, बस्स. मधल्याचं काम माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराचं. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, अशी घरं कोसळून माणसं गाडली गेली. ती भिंत त्यानं कापून दाखवल्यासारखी चित्रात काढायची, शेजारी नंतर बांधलेल्या घराची. मोठ्यानं नववीच्या भूगोलातला भूकंपाचा भाग वाचायचा आणि एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं: हा भाग पठारावरचा, भूपट्टांच्या कडेपासून लांब, धोका कमी म्हणून नोंदलेला, तरी इथं भूकंप कसा झाला? नंतर नकाशे सुधारले आणि हा भाग भूकंपधोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात घातला गेला, हेही त्याला सापडेल. तीन इयत्तांचं काम झालं आणि तुमची तयारी एकदाच.

वेळेचं म्हणाल तर धाकट्याला सगळ्यात आधी घ्या, तो ताजा असताना. पाऊण तास पुष्कळ झाला. तेवढ्यात मोठ्यानं आदल्या दिवशीची गणितं एकट्यानं सोडवायची. मग मधला. एकत्र विषय जेवणाआधी तासभर. दुपारनंतर पुस्तक मिटा. शाळेच्या सहा तासांत हजेरी, रांग, मैदान, मधली सुट्टी सगळं येतं. घरी तेवढे तास भरायची गरज नाही.

प्रश्न (उदगीर): मोठी दहा वर्षांची, धाकटा सात. धाकटा गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचतो, मोठी अजून अडखळते. एकत्र बसवलं की ती रडते. दोघांना कोणत्या इयत्तेचं पुस्तक द्यावं?

उत्तर: पुस्तकावरचा इयत्तेचा आकडा काही दिवस विसरा. आधी मुलगी नक्की कुठं अडते ते बघा. 'असर' या शिक्षण-पाहणीची वाचन-चाचणी मराठीत उपलब्ध आहे: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. दहा मिनिटांत कळतं. ती शब्दांवर अडत असेल तर चौथी-पाचवीचं पुस्तक पुढ्यात ठेवून उपयोग नाही.

वाचन दोघांचं वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत घ्या. तुलना तुम्ही करत नसलात तरी लेकरं करतातच. आणि तिला लहान पोरांची पुस्तकं देऊ नका. ती लहानांची आहेत हे तिला कळतं, म्हणूनच लाज वाटते. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. त्यातून वाक्यं सोपी पण विषय मोठा, अशा निवडा. किंवा 'किशोर' मासिकाचे अंक आणा. तिनं एक परिच्छेद वाचायचा, पुढचे दोन तुम्ही. एकत्र वेळेत मात्र तिला मोजमाप, नकाशा, प्रयोग असं काम द्या, जिथं वाचनावरून कुणी पुढं-मागं होत नाही.

तीन-चार महिने रोज नेमानं करूनही फरक पडला नाही, किंवा अक्षरं उलटी होणं, ओळ सुटणं हे सतत दिसत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग जिल्हा रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची चौकशी करा. यात चालढकल नको. निदान झालं तर पुढं बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात.

प्रश्न (नांदेड): थोरल्यासाठी परदेशी अभ्यासक्रमाचा पूर्ण संच मागवला होता, महाग पडला. धाकट्या दोघींसाठीही तोच घ्यावा का?

उत्तर: नको. निदान पूर्ण तरी नको. अशा संचांतल्या सरावाच्या वह्या एकदाच वापरायच्या असतात, म्हणजे दर मुलामागं पुन्हा खर्च. शिवाय गणित डॉलर-सेंटमध्ये आणि ऋतू चार. पावसाळा शोधूनही सापडायचा नाही. थोरल्याच्या संचातली गोष्टींची आणि विज्ञानाची पुस्तकं पोरींना खुशाल द्या. गणित आणि मराठी बालभारतीचं घ्या. इंग्रजी माध्यम हवं असेल तर बालभारतीची इंग्रजी माध्यमाची पुस्तकंही आहेत, एनसीईआरटीचीही फुकट उतरवता येतात. दहावीला केंब्रिजची परीक्षा द्यायचं पक्कं असेल तरच तो खर्च पटतो, आणि तेव्हा खाजगी विद्यार्थी घेणारं परीक्षा केंद्र कुठं आहे आणि दर विषयाची फी किती, हे आधी विचारा. पुस्तकं त्यानंतर.

प्रश्न (जालना जिल्हा): आमच्या गावात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी आले होते. दोन्ही लेकरं घरी शिकतात म्हटलं तर म्हणाले, हे कायद्यात बसत नाही. खरंय का? आम्हाला दंड होईल का?

उत्तर: गुरुजींवर रागावू नका, नोंद करणं त्यांचं कामच आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्याचं कलम 10 सांगतं. घरी शिकवण्याला त्यात परवानगीचा शब्द नाही आणि पालकांना दंड किंवा शिक्षेची तरतूदही नाही. म्हणजे तुम्ही गुन्हेगार नाही, पण कायद्याचं कवचही तुम्हाला नाही. हे दोन्ही लक्षात ठेवून चाला.

पुन्हा शाळेत जायचं तर कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क आहे. मात्र आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, तेव्हा निदान पाचवीचा अभ्यास राज्याच्या पुस्तकांतून नीट पूर्ण करून ठेवा. दर मुलाची एक फाईल ठेवा: महिन्याला एक निबंध, एक गणिताचं पान, वाचलेल्या पुस्तकांची यादी, प्रत्येकावर तारीख. पुढच्या खेपेला गुरुजी आले की चहा द्या आणि फाईल दाखवा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र कुणाच्या हाती ठेवू नका.

एक तोटा सहसा कुणी सांगत नाही. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावं लागतं, तिसरी-चौथीही तशाच शाळेतून झालेली लागते. चौथी-सातवीची (2025-26 पर्यंत पाचवी-आठवीची) शिष्यवृत्ती परीक्षाही शाळेमार्फतच होते. तुमचं एखादं लेकरू हुशार आणि नवोदयच्या वाटेवरचं असेल, तर तिसरी ते पाचवीपुरता घरशाळेचा हट्ट सोडा. एकाला शाळेत आणि एकाला घरी ठेवायला काहीच हरकत नाही.

प्रश्न (परभणी): थोरला चौदाचा, धाकटी अकराची. थोरल्याच्या दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म बरा की एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय)? आजोबांचा जीव 'लातूर पॅटर्न'मध्ये, म्हणजे लातूरच्या त्या कसून सरावाच्या शिकवणीत अडकलाय.

उत्तर: 17 नंबर म्हणजे राज्य मंडळाची नेहमीचीच दहावी, फक्त खाजगी विद्यार्थी म्हणून. सगळे विषय एकदम, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुमचा विभाग छत्रपती संभाजीनगरचा. (लातूर विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव येतात. परभणीचे लोक हमखास गोंधळतात.) फॉर्म परीक्षेच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच सुटतात आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दिवाळीनंतर जागे झालात तर वर्ष हुकलं.

एनआयओएसला माध्यमिकसाठी 14 वर्षं पूर्ण हवीत. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर स्वतःच लिहून दिलेलं घोषणापत्र चालतं. विषय पाच. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणून दोन विषय आत्ता, तीन नंतर असंही जमतं. वीस टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना. मराठी माध्यम आहे, पण निवडलेल्या प्रत्येक विषयाचं साहित्य मराठीत आहे का ते आधी बघा. गणित तिथं सक्तीचं नाही, आणि इथंच पुष्कळ घरं फसतात. पोरगा आनंदानं गणित टाळतो, मग पॉलिटेक्निक किंवा अकरावी सायन्सच्या दारात अडतो. आजोबांच्या डोक्यात नीट-जेईई असेल तर गणित आणि विज्ञान दोन्ही घ्याच.

माझा कौल? पोरगा गेली दोन-तीन वर्षं बालभारतीच्या पुस्तकांवरच शिकत असेल तर 17 नंबर. मधेच बरंच काही सुटलं असेल, किंवा तो एखाद्या खेळात, धंद्यात गुंतला असेल तर एनआयओएस. धाकटीसाठी आत्ताच काही ठरवू नका. भावाचं ते तिचं, असं करू नका एवढंच.

प्रश्न (बीड जिल्हा): मी निवृत्त तलाठी. दोन नातवंडांना घरी शिकवतो, सातवी आणि चौथीच्या वयाची. शेजारची चार लेकरंही पाठवतो म्हणतात, आईबाप ऊसतोडीला जातात. घ्यावीत का? आणि मला हिशोबाशिवाय फारसं येत नाही.

उत्तर: काका, त्या चौघांचं नाव शाळेतून काढू देऊ नका. दिवसभर पोरं जमवून शिकवू लागलात तर ती विनामान्यता शाळा ठरू शकते, आणि कलम 18 मध्ये त्याला एक लाखापर्यंत दंड आहे. ती शाळेत जाऊ द्यात. हंगामात आईबाप बाहेर असताना हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हे मुख्याध्यापकांना विचारा. संध्याकाळी दोन तास तुमच्या ओसरीवर बसवा, त्याला कुणाची ना नाही.

आणि हिशोब येतो म्हणता, मग आणखी काय हवं? बाजार समितीची जुनी पट्टी (माल विकल्याची पावती) काढा. समजा सोयाबीन 12 क्विंटल 40 किलो. 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये क्विंटल. धाकट्यानं 12 क्विंटलचे पैसे काढायचे, 63,936. मोठ्यानं 40 किलोचे मिळवून 66,067 रुपये 20 पैसे. मग विचारा, व्यापाऱ्यानं 4200 नं घेतलं तर हमीभावापेक्षा किती टक्के कमी दिले? एकवीसपेक्षा थोडं जास्त येतं. हमाली-तोलाई वजा करायचं दुसऱ्या दिवशी घ्या. सातबारा तर तुमच्या घरचाच. त्यावरून हेक्टर-आर, एकर-गुंठे शिकवा: 40 गुंठ्यांचा एकर, 33 फूट बाय 33 फुटांचा गुंठा. अंगणात दोरी लावून एक गुंठा आखायला सांगा, सहाही जणांना एकदम.