सीटी स्कॅनच्या डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या) फाइलमधून पायथनने काढलेली पीएनजी काळीकुट्ट का दिसते?

डायकॉम फाइल वाचणाऱ्या पायडायकॉम या पायथन लायब्ररीच्या पिक्सेल अ‍ॅरेमध्ये फाइलमधले कच्चे आकडे येतात, बहुधा 12 ते 16 बिटांचे. ते तसेच 8 बिटांच्या पीएनजीत कोंबले की चित्राचा विचका होणारच. आधी प्रत्येक आकड्याला फाइलमध्येच दिलेल्या रीस्केल स्लोपने गुणा आणि त्यात रीस्केल इंटरसेप्ट मिळवा. मग हाउन्सफील्ड मूल्यं, म्हणजे पदार्थ क्ष-किरण किती अडवतो याची मापं, हाती येतात: पाणी 0, हवा उणे 1000. आता विंडो लावा, म्हणजे कुठल्या मूल्यांचा पट्टा दाखवायचा ते ठरवा. मेंदूसाठी मध्य 40, रुंदी 80 घेतली तर 0 च्या खालचं सगळं काळं, 80 च्या वरचं पांढरं आणि मधलं 0 ते 255 मध्ये पसरवायचं.

मोजमाप किंवा मॉडेल ट्रेनिंग करायचं असेल तर मात्र पीएनजीच्या नादी लागू नका, हाउन्सफील्डचा अ‍ॅरेच ठेवा. आणि हो, स्लाइसचा (स्कॅनच्या एकेका कापाचा) क्रम फाइलच्या नावावरून नको, कापाची जागा सांगणाऱ्या इमेज पोझिशन टॅगवरून लावा.