'आज रात्री लाइट कापणार'चा मेसेज

प्रश्न : बाबांना मेसेज आला, 'मागचं बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला लाइट कापणार, या नंबरवर फोन करा'. ते लगेच फोन लावत होते, मी अडवलं तर माझ्यावरच चिडले. काय करू?

उत्तर : चिडणारच हो, आयुष्यभर बिल वेळेवर भरलेल्या माणसाला थकबाकीदार म्हटलं की झोंबतं, आणि चोरांना तेच हवं असतं. दहा आकडी मोबाईल नंबरवरून आलाय ना, मग खोटाच समजा. फोन केला की स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात, दहा रुपये भरा म्हणतात आणि तुमचा पिन, ओटीपी तिकडे बसून बघतात! बाबांना लेक्चर देऊ नका, बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर बाकी त्यांनाच बघू द्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला फोन.