वाचक विचारतात : केहिमकर कुठले आणि किती?

प्रश्न : अलिबागच्या ज्यू दफनभूमीत एका थडग्यावर हिब्रू अक्षरांच्या खाली मराठीत ‘केहिमकर’ असे आडनाव कोरलेले पाहिले. हे आडनाव मी इतरत्र कधी ऐकलेले नाही. ते कुठून आले आणि आज ते लावणारी माणसे कुठे व किती आहेत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : केहिमकर म्हणजे मूळचे किहीमचे. अलिबागहून मांडव्याकडे जाताना लागणारे हे समुद्रकाठचे गाव आज पर्यटकांना ठाऊक आहे. गावाचे नाव इंग्रजी कागदपत्रांत पूर्वी ‘केहिम’ असे लिहिले जाई आणि आडनावात तोच उच्चार टिकून राहिला. काही घराण्यांनी मात्र पुढे ‘किहीमकर’ असेही लिहायला सुरुवात केली. दोन्ही एकच आहेत.

हे आडनाव कोकणातील बेने इस्रायल समाजाचे, म्हणजेच मराठी मातृभाषा असलेल्या ज्यूंचे आहे. अलिबाग तालुक्याचा नकाशा समोर ठेवला, तर या समाजाची आडनावे एकेका गावावर बोट ठेवून वाचता येतात : आवासचे आवासकर, किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, थळचे थळकर, झिराडचे झिराडकर. थोडे पुढे सरकले की पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर आणि कुंडलिका नदीच्या पलीकडच्या तीरावरील अष्टमीचे अष्टमकर भेटतात. अशी शंभराहून अधिक ग्रामनामे या समाजात आडनाव म्हणून रुजलेली आहेत.

ती इतकी विखुरलेली का, याचे उत्तर समाजाच्या जुन्या व्यवसायात आहे. परंपरेप्रमाणे नवगावजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्या वंशजांनी कोकणात तेल गाळण्याचा धंदा पत्करला. ही घटना नेमकी केव्हाची याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून गावोगाव ओळखले जात होते, ही गोष्ट पक्की आहे. आता घाण्याचा हिशेब पाहा. एका लहान गावाला तेल पुरवायला एक-दोन घाणे पुरतात, त्यामुळे एका गावात या समाजाची घरे एक-दोनच असणार आणि वाढत्या कुटुंबातील धाकट्या भावाला दुसरे गाव धरावे लागणार. माझ्या मते या आडनावांच्या दुर्मीळपणाचे खरे कारण इथेच सापडते : समाज आधीच लहान, त्यात तो शंभराहून अधिक गावांत वाटला गेलेला, तेव्हा एकेका आडनावाच्या वाट्याला सुरुवातीपासूनच मोजकी घराणी आली.

दुसरी गोष्ट अशी की, किहीममध्ये राहणाऱ्या माणसाला किहीममध्ये कोणी केहिमकर म्हणत नाही. ‘कर’ लागतो तो गाव सुटल्यावर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल कुटुंबे मुंबईत येऊ लागली, इमारतीच्या कामांवर आणि कंपनी सरकारच्या फौजेत शिरली, आणि तिथे एकाच नावाच्या दोन माणसांत फरक करण्यासाठी गावाचे नाव हाच सर्वांत सोपा मार्ग होता. तशी गरजही मोठी होती, कारण नावे ठरावीकच असत. बायबलमधील नावांना कोकणाने आपले रूप दिले होते. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी झाला होता. मुंबईतील पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) १७९६ साली मांडवीत बांधणारे कंपनीच्या फौजेतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर यांच्या नावात हे तिन्ही थर एका ओळीत दिसतात : ज्यू नावाचे मराठी रूप, वडिलांचे नाव आणि कोकणातले गाव.

केहिमकर हे नाव समाजाबाहेरही आदराने घेतले जाते ते १८३० साली जन्मलेल्या हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्यामुळे. त्यांनी १८७५ साली मुंबईत समाजातील मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने माझगावात प्रसिद्ध झाली. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ साली इंग्रजीत लिहून पूर्ण केला, पण तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. चालीरीती, घराणी, गावे यांविषयी आज जे सांगितले जाते त्यातील फार मोठा भाग त्या एका ग्रंथावर उभा आहे, आणि एका माणसाने वेळेवर विचारपूस करून ते टिपले नसते तर ते कायमचे गेले असते, असे मला मनापासून वाटते. आपल्या काळात हेच आडनाव फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक किहीमकर यांच्यामुळे निसर्गप्रेमींना परिचित झाले आहे. (पक्षितज्ज्ञ सालीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा आपला गाजलेला अभ्यास १९३० साली किहीममध्येच केला, निसर्गाभ्यासाशी या गावाचे नाते असे दुहेरी आहे.)

आता संख्येकडे वळू. भारताच्या जनगणनेचे प्रसिद्ध तक्ते धर्म, भाषा, वय, व्यवसाय यांचे असतात, आडनावांचे नसतात. त्यामुळे एखाद्या आडनावाचा अंदाज समाजाच्या एकूण संख्येवरूनच बांधावा लागतो. १९५१ साली भारतात सर्व प्रकारचे ज्यू मिळून सव्वीस हजारांहून थोडे अधिक होते आणि त्यांत बेने इस्रायल बहुसंख्य होते. १९६१ मध्ये हा आकडा अठरा हजारांवर आला, १९७१ मध्ये सहा हजारांच्याही खाली गेला आणि अलीकडे तो साडेचार हजारांच्या आसपास आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबई, ठाणे आणि रायगड परिसरात राहतात. ही घट छळामुळे झालेली नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यावर धर्मभावनेने, नातलगांच्या ओढीने आणि ब्रिटिश गेल्यानंतर सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांविषयी वाटू लागलेल्या अनिश्चिततेमुळे कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे गेली. इस्रायलमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या आज पंच्याऐंशी हजारांच्या घरात सांगितली जाते आणि त्यांत सर्वांत मोठा गट बेने इस्रायलांचा आहे. म्हणून केहिमकर आडनावाची माणसे आज शोधायची तर ती किहीममध्ये नव्हे, तर अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बेरशेबा अशा गावांत, मुंबई-ठाण्यात आणि थोडीफार इंग्लंड-कॅनडात शोधावी लागतील. शंभराहून अधिक आडनावांत विभागलेल्या समाजात एका आडनावाच्या वाट्याला भारतात आज काही मोजकी घरेच येतात, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते.

प्रश्न : आम्ही दिवेकर, कोकणस्थ ब्राह्मण. बेने इस्रायल समाजातही दिवेकर आहेत असे कळले. याचा अर्थ दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एक होता का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आडनाव एक असण्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. ग्रामनामावरून पडलेले आडनाव गाव सांगते, रक्त सांगत नाही. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर सोडून बाहेर पडलेला ब्राह्मणही दिवेकर झाला आणि तेथून मुंबईला आलेला शनिवार तेलीही दिवेकर झाला. शिवाय दिवे नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. पुरंदर तालुक्यातील दिवे तर घाटामुळे सर्वांना माहीत आहे. तेव्हा दोन हिंदू दिवेकरांचे गावही एकच असेल असे नाही. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, थळकर या आडनावांनाही हेच लागू पडते. म्हणूनच मतदार यादीतील किंवा दूरध्वनी पुस्तकातील ‘कर’ मोजून बेने इस्रायलांची संख्या काढण्याचा प्रयत्न फसतो. त्यासाठी आडनावाच्या आधीची नावे पाहावीच लागतात. आपल्या आणि त्या दिवेकरांच्या पूर्वजांनी मात्र एकाच वेशीतून ये-जा केली असण्याचा, एकाच घाण्याचे तेल देवघरात आणि स्वयंपाकघरात वापरले असण्याचा संभव चांगला आहे. हे नाते मला रक्ताच्या नात्याहून कमी मोलाचे वाटत नाही.

प्रश्न : माझे आजोळ बेने इस्रायल आहे. आजोबांच्या सर्व कागदांवर केवळ त्यांचे स्वतःचे आणि वडिलांचे नाव आहे, ‘कर’ असलेले आडनाव कुठेच नाही. आमचे गाव कसे शोधावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपल्या आजोबांसारखी शेकडो उदाहरणे आहेत आणि या आडनावांची संख्या कागदावर प्रत्यक्षाहून कमी दिसण्याचे तेही एक मोठे कारण आहे. इंग्रजी शाळा आणि कचेऱ्या आल्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव एवढ्यावरच अनेकांचे भागू लागले आणि वडिलांचे नावच पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले. मुंबईतील डॉ. ई. मोझेस मार्गावरून रोज हजारो लोक जातात. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर असलेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर होते, हे त्या पाटीवरून कळत नाही. हिंदी चित्रपटांतील लाडके चरित्र अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे घराणे चौलचे. श्रेयनामावलीत उरले ते केवळ ‘डेव्हिड’. मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा सांभाळणाऱ्या, १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या बाबतीत गाव टिकले आणि ‘कर’ तेवढा गळाला.

शोधाची सुरुवात कागदांऐवजी दगडांपासून करावी, असे मी सुचवेन. बेने इस्रायलांच्या थडग्यांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा दोन किंवा तीन भाषांत मजकूर असतो आणि इंग्रजीत गाळलेले आडनाव मराठी ओळीत पुष्कळदा पूर्ण सापडते. त्यामुळे आजोबांच्याच नव्हे, तर पणजोबा-पणजीच्या थडग्यापर्यंत पोहोचता आले तर जरूर पोहोचा आणि प्रत्येक भाषेतील ओळ स्वतंत्र उतरवून घ्या. त्यानंतर विवाहाचा करार, म्हणजे केतुबा, पाहावा. आजी-आजोबांचा विवाह ज्या सिनेगॉगमध्ये झाला तेथील विवाहनोंदी आणि वर्गणीच्या वह्या विश्वस्तांच्या परवानगीने चाळाव्यात. रेवदंडा, अलिबाग, पनवेल आणि पेण येथील सिनेगॉग एकोणिसाव्या शतकातली आहेत. पूर्वजांपैकी कोणी फौजेत असेल, तर निवृत्तिवेतनाच्या कागदांवर मूळ गावाची नोंद असू शकते, आणि कोकणात घर-जमीन असेल तर जुन्या खरेदीखतात नाव गावासह येते.

कागद शोधताना वर्णलेखनाकडे विशेष लक्ष ठेवावे. जुन्या इंग्रजी छपाईत शेवटच्या ‘कर’साठी ‘के-ई-आर’ आणि नंतरच्या काळात ‘के-ए-आर’ अशी अक्षरे वापरलेली दिसतात, आणि हिब्रूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नसल्याने इस्रायलमधील कागदांवरून पुन्हा इंग्रजीत आलेले नाव भलत्याच रूपात समोर येते. एकच घराणे तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले आढळले, तर ते वेगळे समजून बाजूला ठेवू नये.

इस्रायलला गेलेल्या नातलगांना आवर्जून पत्र लिहा. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या मिश्रविवाहांच्या बाबतीत मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या होत्या. समाजाने त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यूच आहेत असा ठराव केला. हा प्रकार मुळात अन्यायाचा होता. परंतु त्या काळात आपली वंशावळ दाखवण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांनी आजी-पणजीकडून गावांची आणि घराण्यांची नावे विचारून लिहून ठेवली असण्याची शक्यता आहे. असा एखादा कागद मावशी-मामांच्या घरी असेल, तर त्यात आपले गाव मिळू शकेल. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारताना ‘आपले आडनाव काय’ असे न विचारता ‘आपण मूळचे कुठले’ असे विचारावे. अनेकांना आडनाव आठवत नाही, पण गाव सांगता येते, आणि ते कळले की पुढे ‘कर’ लावणे एवढेच उरते.