फुल सिस्टीम (इंजिनापासून टोकापर्यंत अख्खा नवा एक्झॉस्ट) आणि फ्री-फ्लो (जास्त हवा सोडणारा) एअर फिल्टर टाकल्यावर थ्रॉटल सोडला की बाईक फटाके फोडते. फ्युएल कंट्रोलर (पेट्रोलचं प्रमाण बदलणारा वेगळा डबा) लावू की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीमॅप करू?

दोन्ही नंतर. आधी हेडरचा, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या एक्झॉस्ट नळीचा, जॉइंट तपासा.

मी कोपरखैरण्याचा. २०२१ मध्ये माझ्या केटीएम ३९० ला हेच दोन्ही टाकलं आणि हीच फटफट सुरू झाली. ठाण्यातल्या एका ट्यूनरकडे गेलो. त्याने कंट्रोलर बसवला, हेडरला वाइडबँड (ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावला, रीडिंग लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आलं म्हणून पेट्रोल वाढवलं. पुन्हा लीन, पुन्हा वाढवलं. तीन मॅप (पेट्रोलचे तक्ते) झाले, अठरा हजार गेले. मायलेज २७ वरून १९ वर आलं. ठाणे-बेलापूर रोडवर सिग्नलला थांबलं की कच्च्या पेट्रोलचा वास डोळ्यांत झोंबायचा. प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. लीन इंजिनाचा प्लग असा नसतो, असं मी म्हणत होतो आणि तो लॅपटॉपकडे बोट दाखवत होता.

माझे बाबा तुर्भ्याच्या एमआयडीसीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. इंजेक्शनशी त्यांचा कधी संबंध आला नाही. रविवारी सकाळी थंड इंजिन सुरू करायला लावून त्यांनी ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरलं आणि मला म्हणाले, "आता साबणाचं पाणी टाक." हेडजवळच्या डाव्या नटाखालून बुडबुडे भराभर वर आले. एक्झॉस्ट बसवणाऱ्याने जुनीच चेपलेली गॅस्केट रिंग परत वापरली होती. एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजायचा आणि मिश्रण लीन दाखवायचा. नळीतलं उरलेलं पेट्रोल पेटायला हवा लागते, तीही तिथूनच मिळत होती.

नवी रिंग टाकली, मॅप शून्यावर आणला. फटाके जवळपास थांबले. ट्यूनरला फोन केला तर म्हणाला, डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) पॉवर वाढली होती. फुल थ्रॉटलला वाढली असेल. माझं रोजचं चालवणं तीन-चार हजार आरपीएमचं, आणि अशा फटीचा घोळ खालच्या आरपीएमलाच जास्त होतो. जो माणूस लॅपटॉप उघडण्याआधी जॉइंट बघत नाही त्याला एक रुपया देऊ नका.

आता तुमचं. नुसता स्लिप-ऑन (फक्त मागचा सायलेन्सर) असता तर काहीच लावू नका म्हटलं असतं. एकसारख्या वेगाला ईसीयू ओ-टू (ऑक्सिजन) सेन्सर बघून स्वतःच सावरतो. फुल थ्रॉटलला तो सेन्सरकडे बघत नाही, म्हणून फुल सिस्टीम आणि फिल्टरला कंट्रोलर हवा, आणि तेवढा पुरे. रीमॅप कॅम किंवा कॉम्प्रेशन बदललं तर. ट्यूनरशी लॅम्डात बोला. एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा हा आकडा शुद्ध पेट्रोलचा, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) तो साधारण १३.५ होतो. लॅम्डात मात्र बरोबर मिश्रण दोन्हीकडे १ च.

आणि हो, फुल सिस्टीममध्ये कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) निघून जातो. ते कायद्यात बसत नाही, आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला पाम बीच रोडवर पोलीस थांबवतात. मी गेल्या वर्षी मूळ हेडर परत बसवला. रिंग तेव्हाही नवीच घेतली.