बर होल ऑपरेशननंतर सीटीत पुन्हा रक्त दिसतंय, म्हणजे परत ऑपरेशन करावं लागेल का?

नुसतं सीटीत दिसतंय एवढ्यावरून नाही. तुम्ही लिहिलंय की वडील ७६ वर्षांचे, पाच आठवड्यांपूर्वी बर होल करून, म्हणजे कवटीला छोटी भोकं पाडून, मेंदू आणि कवटीच्या मध्ये साठलेलं जुनं रक्त (क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा) काढलं, ते हिंडूफिरू लागले आणि आता रिपोर्टात 'रेसिड्युअल कलेक्शन' (म्हणजे थोडा साठा उरलाय) आल्यामुळे घरचे सगळे हादरलेत. मी डॉक्टर नाही, पण माझ्या सासऱ्यांना या दुखण्यासाठी दोनदा टेबलावर घ्यावं लागलं, त्यामुळे यातलं बरंच विचारून, वाचून झालंय.

उतारवयात मेंदू थोडा आकसलेला असतो. त्यात तो कित्येक आठवडे दाबाखाली होता. रक्त काढलं म्हणून तो लगेच फुगून जागा भरत नाही. तोवर त्या पोकळीत थोडं पाणी, थोडं जुनं रक्त, कधी हवाही राहते. ऑपरेशननंतरच्या बहुतेक सीटींत हे दिसतंच, आणि पुष्कळांचं दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतं.

पुन्हा भरतं ते का? साठलेल्या रक्ताभोवती शरीर एक पापुद्रा धरतं. त्यात नव्या, अगदी नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या झिरपत राहतात. सर्जन आतलं रक्त धुऊन काढतात (आमच्या वेळी ते जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट निघालं होतं), पापुद्रा मात्र बराचसा तिथेच राहतो. साधारण दहातल्या एकदोघांना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतं. त्यामुळे 'सर्जनने नीट केलं नाही' असं म्हणायची घाई करू नका. ड्रेन (उरलेलं रक्त बाहेर येण्यासाठीची नळी) ठेवला होता का, एवढं जरूर विचारा. इंग्लंडमधल्या २००९च्या अभ्यासात ड्रेन न ठेवलेल्यांपैकी २४ टक्के जणांना रक्त परत साठलं, ठेवलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के जणांना.

खरं लक्ष ठेवायचं ते वडिलांवर. सासरे संध्याकाळी हॉलमधून स्वयंपाकघरात आले, तेव्हा डाव्या पायातली चप्पल उंबऱ्यापाशीच राहिली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. बोलणं एकदम व्यवस्थित, चहात साखर कमी म्हणून तक्रारही केली! त्याच रात्री सीटी केला तर मेंदू एका बाजूला सरकलेला. सकाळी जुन्याच भोकांतून पुन्हा धुतलं. तेव्हा पाय ओढणं, हातातून वस्तू सुटणं, शब्द अडखळणं, वाढती डोकेदुखी, उलट्या, दिवसा नको इतकी झोप, भलतंच बोलणं, फिट, यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. झोपेतून उठवूनही नीट जागे होत नसतील तर थेट इमर्जन्सी.

वडील इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी घेतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असतील तर हा सगळ्यात मोठा प्रश्न. गोळी कधी थांबवायची, कधी सुरू करायची हे कार्डिओलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन यांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. स्टेंट असेल तर घरच्या घरी बंद करणंही तितकंच धोक्याचं.

कोणीतरी 'स्टेरॉइडने जिरतं' सांगेल. ब्रिटनमध्ये २०२०मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे पुन्हा ऑपरेशनं कमी झाली खरी, पण सहा महिन्यांनी रुग्णांची एकूण अवस्था न घेणाऱ्यांपेक्षा वाईट होती. त्यापेक्षा एम्बोलायझेशनबद्दल विचारा. पापुद्र्याला रक्त पुरवणारी धमनी आतून कॅथेटर घालून बंद करतात. अमेरिकेतल्या २०२४च्या अभ्यासात ऑपरेशनच्या जोडीला हे केलेल्यांत तीन महिन्यांत पुन्हा ऑपरेशन सुमारे ४ टक्क्यांना लागलं, नुसत्या ऑपरेशनवाल्यांत ११ टक्क्यांना. सगळ्यांना ते झेपतं असं नाही, आणि खर्च आधीच विचारून घ्या.

सर्जनकडे जाताना ऑपरेशनच्या आधीची, लगेच नंतरची आणि आताची अशा तिन्ही फिल्म न्या. रिपोर्टातल्या एका ओळीपेक्षा त्या शेजारी शेजारी लावल्या की रक्त वाढतंय की कमी होतंय ते त्यांना लगेच कळेल.